कडी अडीचवर होती

सुकलाल, कावळा लगेच शिवला रे.

दहाव्याला पिंड ठेवला, तुझा थोरला भाऊ हात जोडून चार पावलं मागं सरकला, तेवढ्यात निंबावरून कावळा उतरला आणि चोच मारून गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. धनजी आबा म्हणाले, "भला मानूस गेला. काही इच्छाच राह्यली नाही त्याची." लोकं धोतरं झटकत उठली. आणि मला वाटलं, धोंडा उचलावा आणि त्या कावळ्याच्या टाळक्यात घालावा. कारण मी सकाळपासून एकच मागत होतो, की शिवू नको. दुपार होऊ दे. लोकं एकेक करून पुढं येऊन वचनं देऊ देत, आणि तरी शिवू नको. मग कुणीतरी माझ्याकडं बघेल, म्हणेल, नाना, तुमचा एवढा दोस्त होता, तुम्ही बोला काही. मग मला बोलावंच लागलं असतं. तू तेवढीसुद्धा सवड दिली नाहीस. माझं खोटं खरं मानून सुखानं गेलास.

दवाखान्यात तू मला एकच गोष्ट विचारलीस, "नाना, कडी कोठे व्हती?" मी म्हणालो, पाचवर. सुकलाल, कडी अडीचवर होती. हे मला त्याच वेळी माहीत होतं. गोळी सुटली त्याच क्षणी माहीत झालं होतं.

आता तू म्हणशील, मग नाना, एवढी वर्षं माझ्याशी भांडत का होतास? अरे, तेच तर मी स्वतःला विचारतो आहे. चौदा दिवस झाले, भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नाही.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा आमच्या मळ्यात आलास तेव्हा वैशाख होता, विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं आणि केळी माना टाकत होती. सोनगीरचा कुणी मिस्त्री आहे म्हणून तुला बोलावलं. मला वाटलं कुणी दाढीवाला म्हातारा येईल. आला हा काडीपैलवान, चड्डीच्या खिशात पाने-पेचकस आणि तोंडात सतत अहिराणीतलं शे-शे. दोन दिवस विहिरीच्या कठड्यावरून हलला नाहीस. लाकडाचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून बसायचं. मी म्हटलं, "काय मंत्र म्हनतोस का रे?" तू म्हणालास, "गप ऱ्हाय नाना, ते बोली राहिनं." आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाटात पाणी आलं. माझी बाग वाचली ती तुझ्यामुळे. तेव्हापासून तू आमच्या गावचा झालास, यमुनावैनीला घेऊन आलास, आणि तुझ्या त्या अहिराणीला पोरी हसायच्या त्या हळूहळू तशाच बोलायला लागल्या. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात उपकाराची भाषा नव्हती, शिव्यांचीच होती.

रायफल माझी. साहेब लोक गाशा गुंडाळून गेले त्या साली एका म्हाताऱ्या साहेबाकडून घेतलेली. दुर्बीण मात्र नंतरची, मुंबईहून मागवलेली. तिला एक कडी होती. कडी फिरवली की लांबचं जवळ यायचं, अडीचपटीपासून पाचपटीपर्यंत. आत काचेवर फुली, आणि फुलीच्या खाली एक बारकी रेघ. शंभर पावलांवर फुली धरायची. लांबच्या जनावराला गोळी पोचेपर्यंत खाली पडते, म्हणून तिथं नेम वर धरावा लागतो. वर किती, ते अंदाजानं ठरवायला नको म्हणून ती खालची रेघ. अडीचशे पावलांवर जनावराच्या छातीवर खालची रेघ ठेवायची, बस. तूच ते बसवून दिलंस. नाल्याच्या पात्रात चुना लावलेली फळी उभी करून दोन दिवस गोळ्या मोजल्यास आणि स्क्रू आवळलेस.

आणि मग तुझ्या डोक्यात ते खूळ शिरलं.

"नाना, ही रेघ पाचवरच खरी शे. अडीचवर खोटी."

मी म्हटलं, जा रे. रेघ ती रेघ. काचेवर कोरलेली आहे, ती काय डोलते का?

तू म्हणालास, "रेघ जागवर शे. डुक्कर ल्हान व्हस."

मी हसलो. खो खो हसलो. सगळ्या पारावर सांगत सुटलो की आमच्या मिस्त्रीच्या दुर्बिणीत डुकरं लहान होतात. तू चिडला नाहीस. तू मला हाताला धरून शाळेच्या मागे नेलंस, लांब बांधावर बसवलंस आणि रिकामी रायफल हातात देऊन म्हणालास, भिंतीच्या विटा मोज. फुलीपासून खालच्या रेघेपर्यंत किती थर बसतात ते बघ. कडी पाचवर असताना मी मोजले. चार. तू कडी फिरवलीस अडीचवर. पुन्हा मोजले. आठ.

आठ, सुकलाल. मी माझ्या डोळ्यांनी मोजले. एकदा नाही, तीनदा मोजले. आणि रायफल खाली ठेवून काय म्हणालो? "नजरेचा खेळ आहे." लाज कशी वाटली नाही मला!

तू तरी सोडलं नाहीस. म्हणालास, चित्र निम्मं झालं की रेघेखाली दुप्पट माल मावतो. म्हणून अडीचवर असशील आणि खालची रेघ धरशील, तर गोळी जाईल वीतभर आणि वर चार बोटं उंच. अडीचवर असशील तर फुली आणि रेघ यांच्या बरोबर मधोमध धर. नाहीतर आधी कडी फिरव, मग नेम धर. इतकं सोपं. पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं होतं. पण मी हो कसं म्हणू? गावात डुकरं मारणारा मी. पाटलांच्या लग्नात मला पहिल्या पंगतीत बसवतात ते त्या रायफलीमुळे. आणि ज्यानं आयुष्यात एक गोळी जनावरावर झाडली नाही तो मला नेम शिकवणार? मी म्हटलं, "तू इंजिन पाह्य. जनावर मी पाहीन." तू दुसऱ्या दिवशी येऊन कडीला लाल दोरा गुंडाळलास, पाचवर घट्ट, फिरू नये म्हणून. मी तो दातानं तोडला. कारण केळीच्या बागेत पाच काय कामाचं? दोन ओळींत डुक्कर निघतं ते वीस पावलांवर, पाचवर नुसते काळे केस दिसतात. बागेत अडीचच लागतं. आमच्या भागातला कुणीही हेच सांगेल, कडी अडीचवर टाकायची आणि विसरून जायचं.

विसरून जायचं. तेच केलं मी.

त्या सकाळी डुकरांनी धनजी आबांच्या बागेत तीन ओळी उकरल्या होत्या. कंद खाऊन पानं नुसती लोळत पडलेली. हाकारे लावले. मी बागेच्या कडेला बसलो, कडी अडीचवर, जशी नेहमी. तू माझ्या मागं. काय गरज होती तुला यायची? तुझं इंजिनाचं काम सोडून आलास. म्हणालास, आज तुझी लांबची गोळी बघायची आहे मला. मी म्हटलं, ये, बघ, आणि तुझं गणित घरी ठेव.

डुक्कर बागेत आलंच नाही. बाजूनं निघालं, मोकळ्या कपाशीतून पळत जाऊन पलीकडच्या बांधावर उभं राहिलं. अडीचशे पावलं असतील. मोठा नर. हाकारे ओरडत होते, नाना, मार, नाना, मार! मी बागेतून बाहेर आलो, गुडघा टेकला, खालची रेघ छातीवर ठेवली आणि ओढली. कडीकडं हातसुद्धा गेला नाही. तू मागून काहीतरी म्हणालास. काय म्हणालास रे? बार उडाला त्यात मला ऐकू आलं नाही. "कडी" म्हणालास का? तेव्हापासून मी तोच आवाज ऐकायचा प्रयत्न करतो आहे. तू काहीतरी म्हणालास.

डुक्कर जागच्या जागी पडलं. पाय वर करून पडलं. लोकांनी आरोळी ठोकली. आणि मी, सुकलाल, मी तुझ्याकडं वळलो आणि दात काढून म्हणालो, "जाय, पाह्य जाऊन. मोज तुझ्या विटा."

आपल्याकडं रीत आहे. ज्याची गोळी, त्यानं पुढं जायचं. पडलेल्या जनावरापाशी पहिला तोच जातो, भरलेली बंदूक घेऊन, मागून, कानाच्या बाजूनं. बापानं मला हे शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. मी तुला पाठवलं. चेष्टेनं पाठवलं. खिशातून दोरी काढत काढत तू कपाशीतून गेलास, तुला जखम मापायची होती. मी तिथंच उभा राहून बिडी पेटवली. धनजी आबा पाठ थोपटत होते. मला तेव्हा खूप बरं वाटत होतं, हेही तुला सांगतो. मी जिंकलो असं वाटत होतं.

गोळीनं त्याच्या पाठीवरचे केस आणि कातडं नेलं होतं, बास. कण्याला झटका बसून ते पडलं होतं. तू वाकलास आणि ते उठलं.

पुढचं तुला माहीत आहे. मी धावलो, बांधापाशी पोचून त्याला मारलं, तेव्हा तू मांडी धरून बसला होतास आणि धोतर सगळं लाल झालं होतं. तू ओरडलासुद्धा नाहीस. फक्त बघत होतास त्या डुकराच्या पाठीकडं. त्या ओरखड्याकडं. मला माहीत होतं तू काय मोजतो आहेस. छातीपासून पाठीपर्यंत, वीतभर आणि वर चार बोटं.

तुला गाडीत घातलं, रावेर स्टेशनपर्यंत बैल मारमारून पळवले. आणि ऐक, हे कुणालाच सांगितलेलं नाही. गाडीत चढायच्या आधी मी कडी फिरवली. पाचवर. तुझ्या रक्तानं हात भरलेले होते आणि त्याच हातानं मी कडी फिरवली. का? मला काय माहीत का! फौजदार येईल म्हणून? लोकं विचारतील म्हणून? तुला कळू नये म्हणून? मी दगड आहे सुकलाल, मला काहीच सांगता येत नाही. नंतर पंचनामा झाला. पंचांनी लिहिलं, दुर्बीण सैल असावी. रायफल अजून चौकीवरच आहे.

जळगावच्या दवाखान्यात तू तीन दिवस होतास. दुसऱ्या दिवशी ताप डोक्यात चढायच्या आधी तू माझा हात धरलास आणि विचारलंस. यमुनावैनी उशाशी होती, तुझा भाऊ पायाशी. तुझ्या डोळ्यांत भांडण नव्हतं रे. तुला फक्त माहिती हवी होती. मिस्त्री माणूस, तुला यंत्र का बिघडलं तेवढं कळायला हवं होतं. मी म्हणालो, पाचवर.

तू डोळे मिटलेस. मग म्हणालास, "मंग मन्हीच चूक व्हयनी. स्क्रू ढिला राहिना व्हई." आणि मग, मला माफ कर म्हणालास. तू मला! "नाना, मन्हामुळे तुन्हा नेम चुकना." असं म्हणालास तू मला आणि मी तुझा हात थोपटला. होऊ दे, होऊ दे, म्हणालो. जीभ झडून कशी पडली नाही?

पुढं दीड दिवस तू होतास. तेवढ्यात मी बोलू शकलो असतो. दर वेळी कुणीतरी खोलीत असायचं, आणि नसायचं तेव्हा मी पाणी आणायला जायचो.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी यमुनावैनी माझ्या दारात आली. डोक्यावरचा पदर सावरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, "नाना, त्यास्ना हातथून चूक व्हयनी. जाताना बोलनात, नानानी माफी माग. मन मा राग ठेवू नका." मला म्हणाली! माझी बायको आतून म्हणाली, अगं बाई, तू कशाला माफी मागते? आणि मी? मी खाटेवर बसून मान हलवली. नंतर कळलं की तिनं तुझी हत्यारं पोत्यात भरून तापीत टाकायला काढली आहेत. ज्या हातांनी स्क्रू ढिला राहिला त्या हातांची हत्यारं घरात नकोत म्हणे. गावातही तेच बोलतात. चांगला मिस्त्री होता, पण शेवटी स्वतःच्याच कामानं गेला. पारावर बसून चहाच्या दोन घुटक्यांबरोबर हे बोलतात, आणि मी तिथं बसलेला असतो.

तुझं नाव गेलं, सुकलाल. जीव डुकरानं घेतला, नाव मी घेतलं. तुला जिवापेक्षा नावच मोठं होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? एखादं इंजिन दुसऱ्यानं खोललं तर तू आठवडाभर जेवत नव्हतास.

म्हणून काल तेराव्याच्या पंगतीत मी ठरवलं. आता बास. वाढायला मीच होतो, हातात वरणाची बादली. मधोमध उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ऐका सगळे. सुकलालचा स्क्रू ढिला नव्हता. त्याचं काम चोख होतं. कडी अडीचवर होती आणि मी खालची रेघ धरली. त्यानं मला दहादा सांगितलं होतं. चूक माझी आहे. त्याला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

पंगत थांबली. घास हातात राहिले. मी उभा होतो, कुणी चप्पल मारेल म्हणून. मारायला हवी होती.

धनजी आबा उठले. हळूच माझ्या हातातली बादली घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "बस नाना. बस बापा. मेलेल्याचा दोष अंगावर घ्यायला लई मोठं काळीज लागते." आणि पंगतीला म्हणाले, "दोस्ती असावी तं अशी."

मी म्हटलं, नाही आबा, खरं सांगतोय. मी समजावायला गेलो. कडी फिरली की चित्र लहान होतं, रेघ तेवढीच राहते, म्हणून तिच्यात दुप्पट मावतं. लोकं माझ्या तोंडाकडं बघत होती. कुणीतरी विचारलं, मग रेघ मोठी होते का? मी म्हटलं नाही, रेघ तेवढीच. मग गोळी वर का जाते? आणि मला सांगता येईना, सुकलाल. तू सांगायचास तेव्हा मी निम्मं ऐकायचो आणि निम्मं हसायचो. मी अडखळलो, हातवारे केले, पानावर बोटानं रेघा काढल्या. माझा भाचा म्हणाला, मामाच्या डोक्यावर परिणाम झाला दुःखाचा. रायफल असती तर एकेकाला शाळेच्या भिंतीपाशी नेऊन दाखवलं असतं, पण ती चौकीवर, आणि कडी मीच पाचवर नेऊन ठेवलेली.

यमुनावैनी माजघराच्या दारातून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली. मला वाटलं, हिला कळलं. तू घरी गेल्यावर जेवताना तिला तरी समजावून सांगितलं असशील, हिला नक्की कळलं असेल. ती माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "नाना, तुम्ही त्यास्नं नाव राखं."

मी म्हटलं, वैनी, नाही. मी मारलं त्याला. मीच मारलं.

ती रडत रडत हो नाना, हो नाना म्हणाली, जसं तापात बरळणाऱ्याला म्हणतात तसं. मग मला दंडाला धरून पहिल्या पानावर बसवलं, तुझ्या भावाच्या शेजारी. स्वतःच्या हातानं खीर वाढली, वर तूप घातलं. मी मान खाली घालून बसलो होतो, तर म्हणाली, तुम्ही उपाशी उठलात तर त्यास्ना जिवाला लागेल. पुन्हा वाढली.

मी खाल्ली, सुकलाल. सगळी खाल्ली.